पाळलंय, आता काय? : बंड्या पाण्यातला नाहीच मुळी

या वेळी जेवढे मेल आले त्यातले निम्मे कासवांचेच. पाऊस पडला की हे दरवर्षी होतं, रस्त्यावर कासवं दिसायला लागतात, कुणीतरी उचलून घरी आणतं, बादलीत ठेवतं आणि मग दुसऱ्या दिवशी मला फोटो येतो, "मॅडम हे काय खातं?" पण यंदा एक पत्र असं आलं की मी क्लिनिक बंद करून रात्री बसून उत्तर लिहिलं, म्हणून आजची बरीचशी जागा त्यालाच देतीये, बाकीच्यांनी समजून घ्या.

डॉक्टर ताई, मी कासारवडवलीला राहते. आमच्या बिल्डिंगमधले सातव्या मजल्यावरचे काका-काकू मुलाकडे कॅनडाला कायमचे गेले. जाताना त्यांच्याकडचं कासव वॉचमनला देऊन टाकत होते, तो म्हणाला मी तळ्यात सोडतो, मला काही राहवलं नाही, मी घरी घेऊन आले. अकरा वर्षं ते फिश टँकमध्ये होतं, अर्धा टँक पाणी आणि एक दगड. खायला पोळीचे तुकडे, काकडी आणि माशांचे ते रंगीत दाणे. आता त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झालेत आणि चार दिवस काहीच खाल्लं नाहीये. पोटाखालचं कवच मधोमध बिजागरीसारखं हलतं, हात लावला की डबा बंद केल्यासारखं सगळंच मिटून घेतं. मागच्या पायांना तीनच बोटं आहेत, तुटली असतील का? फोटो पाठवलेत. नाव बंड्या. माझी मुलगी नववीत आहे. सासूबाई म्हणतात कासव आलं म्हणजे लक्ष्मी आली, मिस्टर म्हणतात फॉरेस्टवाले येतील. कोणाचं खरं? आणि याला नीट ठेवायचं कसं? नाही जमलं तर येऊरच्या जंगलात सोडलं तर चालेल का? — बंड्याची नवीन आई, ठाणे

बंड्याच्या आई, आधी बोटांचं सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तुटलेली नाहीत, तेवढीच असतात. फोटो मी चार वेळा मोठा करून बघितला, उंच घुमटासारखी पाठ, पोटाखाली बिजागरी, मागे तीन बोटं, तोंडावर पिवळे पट्टे नाहीत. हे बॉक्स टर्टल आहे, त्यातही थ्री-टोड म्हणतात ते, अमेरिकेतल्या मिसूरी, आर्कान्सा, टेक्सास त्या पट्ट्यातलं. मिसूरीने तर त्याला आपल्या राज्याचा सरीसृप म्हणून मान दिलाय, आपण कसं शेकरूला राज्यप्राणी केलंय तसं. तोंडावर ठळक पिवळे पट्टे असते तर गोष्ट वेगळी होती, कारण आशियातही बिजागरीवाली कासवं असतात, त्यातली काही आपल्या ईशान्य भारतातली आहेत, आणि त्यांचं राहणं, खाणं, कायदा सगळंच बदलतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, कासव कसं पाळायचं हे विचारायच्या आधी कोणतं कासव हे विचारा.

आता जरा वाईट बातमी. बंड्या अकरा वर्षं चुकीच्या घरात राहिलाय. गंमत अशी की शास्त्रज्ञांच्या हिशेबाने हे कासव तळ्यातल्या कासवांच्या कुळातलंच आहे, पण राहतं मात्र जमिनीवर, जंगलातल्या पालापाचोळ्यात, ओलसर मातीत अर्धं गाडून घेऊन. पोहता धड येत नाही. खोल पाण्यात पडलं तर दमून बुडूनही मरतं. त्याला कायम पाण्यात ठेवणं म्हणजे आपल्याला वर्षभर ओले मोजे घालून बसवण्यासारखं आहे, कातडी सडते, कवचाला बुरशी लागते. काका-काकूंना दोष देत नाहीये हां मी. अकरा वर्षं जगवलं त्यांनी, दुकानदाराने जे सांगितलं ते केलं. आणि मी तरी काय मोठी, प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे असंच एक आलं होतं तेव्हा मी ते आपल्या कोरड्या रानातल्या स्टार कासवासारखं समजून "कोरडं ठेवा, पाला द्या" म्हणून पाठवलं होतं, आम्हाला शिकताना गाय, म्हैस, कुत्रा, कोंबडी यातच सगळं संपलं होतं, कासवाच्या वाट्याला दोन लेक्चर आली असतील नसतील. ते कासव तीन महिन्यांनी परत आलं ते कानाशी सुपारीएवढी गाठ घेऊन. तेव्हापासून मी आधी उलटं करून पोट बघते.

डोळ्यांकडे येते कारण ते घाईचं आहे. अशा आहारावरच्या बॉक्स टर्टलचे डोळे सुजले की पहिला संशय अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. पोळी आणि काकडीत ते मिळणार कुठून. ते कमी पडलं की डोळ्यांची, नाकाची, कानाची आतली त्वचा जाड होते, पापण्या सुजतात, पुढे कानात पू धरतो, मी वर सांगितलेली गाठ म्हणजे तीच. आणि कासव खातं ते आधी बघून, डोळे मिटलेत तर समोर पंचपक्वान्नं ठेवा नाहीतर अमृत, ते ढुंकून बघणार नाही कारण बघूच शकत नाहीये. तर याच आठवड्यात त्याला सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. जवळ कोणी नसेल तर ठाण्यातून परळ काही लांब नाही, तिथे जनावरांचं मोठं हॉस्पिटल आणि व्हेटर्नरी कॉलेज दोन्ही आहे. स्वतः मेडिकलमधून व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणून टोचू नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते, ते बघवत नाही. आणि दुसरं, हे मोठ्याने सांगते, जंताचं औषध म्हणून कोणी आयव्हरमेक्टिन द्यायला निघालं तर हात धरा. कुत्र्या-गुरांना जे सर्रास देतात ते कासवाला विष आहे, मरतात. डॉक्टरला न लाजता विचारा "यात आयव्हरमेक्टिन नाहीये ना", चांगला डॉक्टर रागावणार नाही.

तोपर्यंत घरी एवढं करा. टँकमधून बाहेर काढा. रोज सकाळी पसरट टबात कोमट पाणी, त्याच्या हनुवटीपर्यंतच, पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी पितं, पोट साफ होतं, डोळ्यांवरचा चिकटा सैल होतो. तो चिकटा सलाइनच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूच पुसा, ओढू नका. खोलीत एसी नको. आजारी कासवाला ऊब लागते कारण त्याचं शरीर स्वतःची उष्णता बनवत नाही, गार पडलं की पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही बंद. २७-२९ अंशांच्या आसपास ठेवा, आत्ता जुलैत आपल्याकडे तेवढं असतंच म्हणा.

मग घर. चार फूट बाय तीन फूट हे कमीत कमी, त्याहून मोठं तर उत्तम. काचेचा टँक नको, काचेतून पलीकडचं दिसतं आणि ते दिवसभर तिथेच धडका मारत बसतं. माझ्या एका पेशंटच्या घरी जुन्या स्टोरेजवाल्या दिवाणाची फळी काढून, आतून जाड ताडपत्री लावून मस्त घर केलंय, वर गादी नाही आता, कासव आहे. भिंती दीड फूट तरी हव्यात, ही मंडळी चढतात, तुम्हाला वाटणार नाही इतकं चढतात. तळाला पाच-सहा इंच थर, नर्सरीतलं कोकोपीट चार वेळा धुऊन, त्यात खत न घातलेली बागेतली माती, वरून वाळलेली पानं. आंब्याची, फणसाची, सोसायटीत झाडू मारणाऱ्या मावशींना सांगा, पिशवी भरून देतील. पण ज्या झाडांवर औषध फवारतात त्यांची नको. वाळू नको, बारीक खडी नको, घासाबरोबर गिळली की आतडी तुंबतात. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये इतकी ओली. एका कोपऱ्यात लपायला आडवी कुंडी किंवा कौल. एक कोपरा कोरडा ठेवायचाच, पावसाळ्यात आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की सगळीकडे ओल ठेवली तर बुरशी येणार. खरी कोरड पडते ती डिसेंबर-जानेवारीत आणि तुम्ही एसी लावता तेव्हा, तेव्हा स्प्रे मारत राहायचं. पाण्याला कुंडीखालची मोठी बशी, उथळ, रोज बदलायची, कारण त्यातच पितं, त्यातच बसतं आणि त्यातच घाणही करतं.

ऊन हे औषधच आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व बनतं, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जात नाही, कवच रबरासारखं मऊ होतं. पण ते किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. स्लायडिंग विंडो बंद करून "आमच्याकडे भरपूर ऊन येतं" असं म्हणणारे माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतात. सकाळचं आठ ते साडेनऊ बाल्कनीत, अर्धी सावली ठेवून, नजरेसमोर. तुमची बाल्कनी पश्चिमेची असेल तर दुपारी अजिबात नाही, एप्रिल-मेमध्ये ठाण्यातल्या टाइल्स तव्यासारख्या तापतात, अर्ध्या तासात कासव शिजतं, मी शब्द मुद्दाम वापरतीये. घार-कावळ्यांसाठी वरून जाळी. ऊन येतच नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी ट्यूब घ्या, पण ती वर्षाच्या आत बदलायची, उजेड पडत राहतो पण कामाचे किरण संपलेले असतात. थंडीत तुमच्या घोडबंदर साइडला येऊरच्या डोंगराचा गारठा येतो, तेव्हा रात्री खोली बंद ठेवा आणि दिवसा एका कोपऱ्यावर साधा पिवळा बल्ब लावा, खाली ३० अंशांपर्यंत यावं, दुसरा कोपरा थंड. त्याला हवं तिथे ते स्वतः जाईल. तिकडे अमेरिकेत ही कासवं हिवाळाभर मातीखाली झोपतात पण बंड्याला झोपवायच्या भानगडीत पडू नका, आजारी कासव झोपलं तर उठेलच असं नाही.

आता खाणं, आणि इथे तुमच्या सासूबाईंना जरा धक्का बसणार आहे. बॉक्स टर्टल शाकाहारी नसतं. मोठ्या कासवाचं साधारण निम्मं-निम्मं धरा, निम्मं किडे-गांडुळं, निम्मं पाला-भाज्या-फळं-अळंबी. तुमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खड्डा असेल तर लॉटरीच लागली, त्यातली गांडुळं धुऊन द्या, वळवळणारं लाल गांडूळ दिसलं की चार दिवसांचं रुसलेलं कासवही मान बाहेर काढतं (डोळे उघडल्यावर हं). बागेतली गोगलगाय मात्र देऊ नका, तिच्यावर औषध मारलेलं असू शकतं आणि तिच्यात जंतही असतात. भाज्यांत लाल भोपळा आणि रताळं किसून, गाजर, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, घेवडा. फळ थोडंसं, पपई, जांभूळ, करवंद, आंब्याची साल सुद्धा चाटून-पुसून खातं. बटन अळंबी आवडते त्यांना. रानात तर ही कासवं आपल्याला विषारी असलेली अळंबीही पचवतात म्हणे, ते प्रयोग घरी करायचे नाहीत. पालक कधीतरीच, तो कॅल्शियम अडवतो. काकडी म्हणजे नुसतं पाणी. पोळी, ब्रेड, भात, दूध, पनीर बंद म्हणजे बंद, "एक तुकडा त्याला आवडतो हो" हे ऐकणार नाही मी. समुद्रफेणाचा तुकडा, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो पांढरा, आत टाकून ठेवा, हवं तेव्हा कुरतडेल. मोठ्या कासवाला आठवड्यातून तीन-चार वेळा खाणं पुरे, डोक्याएवढा एक घास, तसे थोडेच. सासूबाईंना सांगा गांडूळ तुम्ही द्या, भोपळा त्या देतील, घरात भांडण नको.

आणि हो, बंड्या बहुतेक बंडी आहे. नराचे डोळे बऱ्याचदा लालबुंद असतात, ते आत्ता दिसत नाहीयेत, पण शेपटी फोटोत बारीक आणि आखूड दिसतीये, नराची जाड, लांब असते. खात्री डॉक्टर करतील. मादी असेल तर एकटी असूनही अंडी घालू शकते, आणि या जातीत आधी कधी नर भेटला असेल तर त्यानंतर चार-चार वर्षांनीसुद्धा त्या अंड्यांतून पिल्लं निघालीत. उकरायला खोल माती नसेल तर अंडी पोटातच अडकतात, म्हणून तो सहा इंचांचा थर पुन्हा एकदा वाचा. नाव बदलायची गरज नाही, माझ्याकडे एक राजू नावाची मांजरी येते.

आता तुमचे मिस्टर. ते पूर्ण चुकीचे नाहीत. बॉक्स टर्टल सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि आपला वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ मध्ये बदलला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, त्यात अशा परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची ४ केली. मग २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले की असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. आधीपासून असलेल्यांना सहा महिने दिले होते, नंतर ताब्यात आला तर ३० दिवसांत. मालक बदलला तर तेही कळवायचं, मेला तरी कळवायचं. तेव्हा काका-काकूंना आजच व्हॉट्सॲप करा, नोंद केली होती का, काही कागद, बिल, जुना फोटो, डॉक्टरची चिठ्ठी आहे का. तारखा असलेले अकरा वर्षांतले फोटो सुद्धा उपयोगी. त्यांनी नोंद केली नसेल तर गुपचूप बसू नका, ठाणे वनविभागात जाऊन सरळ सांगा असं असं झालं, जीव वाचवायला घेतलाय, पुढे काय करू. विकत घेतलेलं नाही, विकायचं नाही, हे पत्रात लिहून द्या आणि पोच घ्या. हे काम आधी करा, दिवाणाची फळी नंतर काढा.

येऊरचं विचारलंत, तर नाही, नाही आणि नाही. ते आपल्या जंगलातलं नाही, तिथे ते एकतर मरेल नाहीतर रोग पसरवेल, आणि येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, तिथे परका प्राणी सोडणं हा वेगळाच गुन्हा. शिवाय ही कासवं अख्खं आयुष्य दोन-अडीचशे मीटरच्या टापूत काढतात, प्रत्येक ओढा, प्रत्येक ओंडका पाठ असतो. दुसरीकडे सोडली तर आपलं गाव शोधत चालत सुटतात, अनेक तर रस्त्यात गाडीखाली जातात. बंड्याचा टापू आता तुमचा हॉल आहे.

एकच गोष्ट शेवटी, आणि ती मी सगळ्या नव्या आई-बाबांना विचारते. हे कासव नीट सांभाळलं तर तीस-चाळीस वर्षं सहज जगतं, काही शंभरीही गाठतात. तुम्ही पत्रात वय लिहिलं नाहीये, पण मुलगी नववीत आहे असं लिहिलंत. मग तिला आत्ताच विचारा घेशील का पुढे, नाही म्हणाली तरी चालेल, पण तसं असेल तर दुसरं कोण हे आजच ठरवा. काका-काकूंनाही कॅनडाचं तिकीट काढेपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही खारघरला राहतो, टेकडीच्या बाजूला. परवा मोठ्या पावसात रस्त्यावर कासव मिळालं, मऊ पाठीचं, मान खूप लांब, मुलाला चावलं. बादलीत ठेवलंय, मुलं पाव टाकतात. ठेवू का? — सेक्टर ३५ मधला बाबा

नाही ठेवायचं, आणि पाव तर नाहीच. वर्णनावरून हे आपलं देशी मऊ कवचाचं कासव दिसतंय, त्याच्या पोटाखाली मागच्या पायांवर झाकणासारख्या कातडीच्या पाळ्या असतात, पाय आत घेतले की वर पडतात, बघा दिसतात का. हे अनुसूची १ मध्ये येतं, वाघ ज्या यादीत आहे त्याच. घरात ठेवणं हा तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे, "आम्ही प्रेमाने ठेवलं" हे कोर्टात चालत नाही. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे, लावा, ते घेऊन जातील. येईपर्यंत बादलीत बोटभर पाणी, वर झाकण, अंधार, शांतता, खायला काही नको. फेसबुकवर फोटो टाकून कुठे मिळालं ते लिहू नका, ते वाचणारे सगळेच तुमच्यासारखे नसतात. मुलाच्या बोटाची जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा.

वाशीहून लिहितोय. चार वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला दोन सिंगापूर टर्टल आणले, तेव्हा पाच रुपयाच्या नाण्याएवढे होते, आता ताटलीएवढे झालेत, टँक रोज धुवावा लागतो, वास येतो. नेरूळच्या तलावात सोडू का? तिथे आधीच भरपूर आहेत. — एक थकलेला बाप

तिथे आधीच भरपूर आहेत कारण तुमच्यासारखे थकलेले बाप भरपूर आहेत! माफ करा, पण हे वाक्य मी महिन्यातून एकदा ऐकते. त्यांच्या डोळ्यामागे, कानापाशी लाल पट्टा आहे ना? मग ते सिंगापूरचं वगैरे काही नाही, रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. जगातल्या शंभर सगळ्यात त्रासदायक परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे, युरोपने तर १९९७ मध्येच आयात बंद केली. ते आपल्या देशी कासवांची उन्हात बसायची जागा आणि खाणं बळकावतं, मासे, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती सगळं साफ करतं. मादी फूटभर होते, तेव्हा अजून वाढायचेत हे धरून चाला. तुम्हाला दोनच रस्ते आहेत, एक तर मोठी सिंटेक्सची अर्धी कापलेली टाकी, चांगला फिल्टर, वर उन्हात बसायला फळी, आणि खाणं दुसऱ्या टबात घालायचं म्हणजे टाकीतला वास निम्मा कमी होतो. किंवा प्राणी वाचवणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा घेताय का, पण त्यांच्याकडेही जागा नसते, "घेतो" म्हणेपर्यंत सांभाळा. मुलगी आता कितवीत आहे? टँक तिला धुवायला लावा. धुताना किचनचं सिंक वापरायचं नाही, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असतात, अमेरिकेत लहान मुलं आजारी पडायला लागली म्हणून १९७५ साली चार इंचापेक्षा छोटं कासव विकायलाच बंदी घातली होती. हात साबणाने, प्रत्येक वेळी.

वास्तुतज्ज्ञांनी उत्तर दिशेला जिवंत कासव ठेवायला सांगितलंय. ओळखीचा एक जण स्टार कासव आणून देतो म्हणतोय. — नौपाडा

स्टार कासव अनुसूची १ मध्ये आहे आणि २०१९ पासून सायटीसच्या सगळ्यात कडक यादीतही. आणून देणारा तो ओळखीचा माणूस पकडला गेला तर तुमचंच नाव सांगणार. जांभळी नाक्याला पितळेचं छान मिळतं, देवळात गाभाऱ्यासमोर असतं तसं, उत्तरेला ठेवा, त्याला खायला लागत नाही.

डॉक्टर मावशी, मी चौथीत आहे, ऐरोलीला राहतो. कार्टूनमध्ये कासव कवच काढून अंघोळ करतं. खरं कासव काढू शकतं का? आणि कवचावर रंग दिला तर त्याला कळतं का?

नाही रे राजा, काढता येत नाही. तुझ्या पाठीचा मणका आणि बरगड्या आहेत ना, कासवाच्या त्याच पसरून, एकमेकींना चिकटून कवच झालंय. म्हणजे ते घर पाठीवर घेऊन फिरत नाही, ते घर म्हणजे तेच आहे. आणि हो, कळतं. कवचाला स्पर्श समजतो, दुखतं पण. रंगाने ऊन आत जात नाही आणि त्यातलं केमिकल अंगात जातं, म्हणून रंगवायचं नाही, भोक पाडून दोरी तर मुळीच बांधायची नाही. रंगवायचं असेल तर कागदावर काढून मला पाठव, क्लिनिकमध्ये लावते. त्या कासवाला बिजागरी काढायला विसरू नकोस, बंड्या नावाचं असेल तर.